काचेमागचे आबा

लोहाऱ्याच्या आमच्या स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्या काकांची एक खोड आहे. व्हिडिओत नवरा-नवरीच्या नावांमागे काचेसारखी दिसणारी पाटी घालायची झाली की ते आधी काचेचा रिकामा ग्लास वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं बघत बसतात. म्हणतात, "काच दिसत न्हाय, बाई. मागचं जरा वाकडं दिसलं की काच हाय असं वाटतं."

मी चंद्रपूरकडची, नववीत शाळा सोडलेली, काकांच्या हाताखाली काम शिकणारी. परवा मी केलेली पहिली पाटी बघायला नवरीचे वडील आले. काच खरी वाटावी म्हणून मी इतका ब्लर, म्हणजे धूसरपणा, दिला होता, की तिच्यामागचा त्यांच्या वारलेल्या वडलांचा फोटो ओळखूच येईना.

"आमचं आबा कुठं गेलं?"

आता काम जातंय, असं मला वाटलं. काकांनी एरवी कुणाला न मिळणारी आपली खुर्ची रिकामी केली आणि मला तिथं बसवलं.

"ब्लर उतरव. वाक निस्ता कडंला ठेव."

मी ब्लर कमी करत गेले. हळूहळू आबांचा फेटा दिसला, मग मिशा, आणि कडेनं काच चमकली.

"लई ब्येस. ही पाटी मुळातनं कुणी केली?" नवरीच्या वडलांनी विचारलं.

"आमच्या ह्या बाईंनी," काका म्हणाले आणि स्टूल ओढून माझ्या बाजूला बसले. "पुढच्या लग्नाचा व्हिडिओ लाव की आता, बाई."