इंगळ्यांनी साफ केलेला फोन

कुणी नवा फोन घेतला की बाकीचे पेढे मागत, इंगळे फोन मागत. हडपसरच्या आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी ते तो हातात घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि स्क्रीनवरच्या एकेका ॲपवर बोट ठेवून मालकाला विचारत, "हे तुम्ही मागितलं होतं काय?" खरेदीचं ॲप, पत्त्यांचा खेळ, कधी नाव न ऐकलेलं बातम्यांचं ॲप. मालक नाही म्हणे. "मग हे इथं काय करून राह्यलं?" त्यांच्या आवाजात खरा राग असे. आम्ही हसायचो. मी त्यांना 'जकात नाका' म्हणायचो, आणि ते नाव त्यांना आवडायचं.

इंगळे अकोल्याकडचे. पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्यांचं 'काहून' सुटलं नव्हतं. आमचा तिरकसपणा त्यांना कधी लागला नाही. "तुम्ही लोक टोमणा मारता अन् वर 'आपण' म्हणता," एवढंच म्हणत. त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये कंपनीने दिलेलं काहीच उरलं नव्हतं. ते सगळं पुसून त्यांनी वेगळीच ऑपरेटिंग सिस्टिम घातली होती. देशोदेशीचे काही हौशी लोक ती फुकट बनवत. माणसाची माहिती त्याला न विचारता बाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी. त्या लोकांना इंगळे "आपली माणसं" म्हणत, एकालाही कधी भेटलेले नसताना.

हा छंद आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग एकदा त्यांच्या विश्रांतवाडीच्या घरी गेलो, तर दार उघडायच्या आधी आतून बाईचा आवाज आला, "कोण? नाव सांगा." ती त्यांची धाकटी बहीण, रंजना. नवरा मारायचा म्हणून ती घर सोडून निघाली होती. पण मैत्रिणीकडे जावं, मावशीकडे जावं, तिथे तो हजर. कसं, ते इंगळ्यांनी शोधून काढलं. फोनबरोबरच आलेलं एक ॲप तिचा ठावठिकाणा त्याला दाखवत होतं. इंगळ्यांनी तिला पुण्याला आणलं आणि तिच्या फोनमध्येही आपल्या माणसांची सिस्टिम घातली. नंबर तेवढा जुनाच राहिला, कारण कोर्टाच्या तारखा त्याच नंबरवर कळायच्या. ती शिवणकाम करू लागली, भाजीला एकटी जाऊ लागली. "आता झोपते बिचारी," इंगळे एकदा मला म्हणाले.

अपडेट आलं की त्याच दिवशी घ्यायचं, हा इंगळ्यांचा नियम. त्यांच्या जमातीत तो सगळेच पाळतात, कारण जुन्या सिस्टिममधल्या भोकांतून चोर शिरतो. दुसऱ्या कुणाचं अपडेट असतं तर काय बदललंय ते त्यांनी ओळन् ओळ वाचलं असतं. हे आपल्या माणसांचं होतं. सकाळी त्यांनी रंजनाच्या फोनमध्ये ते घातलं आणि ऑफिसला आले.

त्या अपडेटमध्ये निरोपांचं एक ॲप आधीच बसवलेलं होतं, काढून टाकता न येणारं. ते वापरणाऱ्या ज्यांच्या ज्यांच्याकडे रंजनाचा नंबर होता, त्या सगळ्यांना, नवऱ्यालाही, त्याने आपणहून कळवलं की तुमच्या ओळखीच्या रंजना या ॲपवर आल्या आहेत. नावाखाली शहर होतं, आणि भागही. त्याच आठवड्यात तिचा नवरा तिचा फोटो दाखवत विश्रांतवाडीत फिरला आणि भाजीच्या गाड्यापाशी तिच्यासमोर उभा राहिला. लोकांनी सोडवलं तोवर तिचा हात मोडला होता.

इंगळ्यांनी सिस्टिम बनवणाऱ्या त्या मंडळींना सगळं लिहून कळवलं. मला वाचायला दिलं होतं, कुठे एक कडू शब्द नव्हता. उत्तर आलं की काम चालवायला पैसे लागतात, ते ॲप एका देणगीदाराचं आहे, आणि सेटिंगमध्ये जाऊन ते बंद ठेवता येतं. आणखी कुणी तरी खाली लिहिलं, पटत नसेल तर वापरू नका. पुण्यात जन्मलेल्याला असल्या वाक्याचं काही वाटू नये, पण मला संताप आला. इंगळ्यांना तोही आला नाही. "बंद ठेवता येत होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "मी पाह्यलंच नाही."

त्यानंतर त्यांनी कुणाचाच फोन हातात घेतला नाही. कुणी आपणहून पुढे केला तरी मान हलवून कामाला लागत. प्लास्टर निघाल्यावर रंजना पुणं सोडून गेली, असं कानावर आलं. एकदा चहाला दोघेच असताना मी विचारलं, "कुठे ठेवलंत हो ताईंना?"

"मले माहीत नाही."

मला वाटलं, माझ्यावरही भरवसा उरला नाही. "नका सांगू, पण बऱ्या आहेत ना?"

"खरंच माहीत नाही. एका संस्थेच्या बाई घेऊन गेल्या तिले. मीच म्हटलं, मले पत्ता सांगू नको, फोन करू नको. माह्यापासूनच कळते त्याले सगळं."

"अहो, सख्खे भाऊ तुम्ही."

"रडली ती लय. म्हणे, दादा, मी मेले तर तुले कळणार कसं?" इंगळ्यांनी कप खाली ठेवला. "मी म्हटलं, नाही कळणार."