हॅवलॉकचा खेकडा आणि सुनीताचा पाय

मी मेहकरला शाळेत विज्ञान शिकवतो. करणी, नजर, भानामती असलं काही कुणी काढलं की पहिला हसणारा मीच. आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला उसण भरली आणि त्याने पायाळू माणसाची चौकशी सुरू केली, की मी त्याला अर्धा तास लेक्चर देतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते म्हणे... तर असा मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं लिहायला मलाच लाज वाटतेय.

लग्नाला बावीस वर्षं झाली म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मिसेस, सुनीता, अंदमानला गेलो. पोर्ट ब्लेअरहून बोटीने हॅवलॉक बेट. खामगावच्या साडूने बजावलं होतं, "जेट्टीजवळ एक बंगाली म्हातारा हाय. त्याच्या हातचा खेकडा खाल्ल्याबिगर वापस येऊ नका."

शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता तिथे पोचलो. पत्र्याचं छप्पर, सहा टेबलं, समोर समुद्र. आम्ही धरणातली मासोळी खाणारी माणसं — मी वेटरला विचारलं, "रोहू है क्या?" त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. सुनीताने पर्समधून घरच्या तिखटाची डबी काढली होती, ती मी गुपचूप रुमालाखाली सरकवली. मग वेटर म्हणाला, आज काहीच मिळणार नाही. दादांची कंबर धरलीय, सकाळपासून उभं राहता येत नाही.

चार वाजता आमची परतीची बोट. खेकडा गेला.

आम्ही उठणार तेवढ्यात आतून तो म्हातारा आला. अक्षरशः काटकोनात वाकलेला, एकेक टेबल धरत. थेट सुनीतासमोर थांबला.

"दीदी, आप उलटे पैदा हुए थे ना? पाँव पहले? मेरी कमर पे एक बार पाँव रख दो."

मी हसायला तोंड उघडलंच होतं. पण सुनीताचा चेहरा पाहिला... ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. घाबरून.

"काय म्हणून राह्यला हा?" मी विचारलं.

"खरं हाय," ती खाली बघत म्हणाली. "मायनं कोणालेच सांगू नको म्हटलं होतं. सोयरीक जमणार नाही म्हणे. आन् मंग तुमी भेटले. तुमाले सांगतलं असतं त तुमी हसले असते."

हसलो असतो, खरंच. बावीस वर्षं ही बाई माझ्या लेक्चरांच्या वेळी मुकाट चहा आणून देत होती, आणि मला पत्ताच नव्हता. फार वाईट वाटलं.

"लाव मग पाय," मी म्हणालो.

म्हातारा बाकावर पालथा पडला. तिने चप्पल काढली, तीनदा हलकेच पाय टेकवला. तो दोन मिनिटं पडून राहिला, मग उठला... आणि सरळ चालत किचनमध्ये गेला. अर्ध्या तासात खेकडा आला. सगळ्यात मोठी नांगी सुनीताच्या ताटात. तिखटाची डबीही उघड्यावर आली, म्हाताऱ्याने त्यातलं चिमूटभर मागून घेतलं.

कंबर सुटण्याचं मी समजू शकतो. आखडलेला स्नायू कधीही सुटतो. पण त्याला कळलं कसं? निघताना विचारलं, तर हसून म्हणाला, "मेरी कमर को मालूम पड़ गया."

माझा संशय साडूवर. जेट्टीवरूनच फोन लावला. त्याची बायको, म्हणजे सुनीताची सख्खी धाकटी बहीण, फोनवर आली. "ताई पायाळू हाय? मलेच माहीत नाही भाऊजी." सुनीताच्या माहेरची, साखरखेर्ड्याची दाई आणि सासूबाई, तिच्याशिवाय माहीत होतं ते या दोघींनाच. दोघीही आता नाहीत. मी अजून डोकं खाजवतोय.

गेल्या रविवारी कूलर माळ्यावर चढवताना माझी कंबर धरली. काही न बोलता सतरंजीवर पालथा पडलो.

"तुमचा त विश्वास नाही ना?" सुनीता दारातून म्हणाली.

"नाही."

"मंग पालथे काऊन पडले?"

तिने पाय टेकवला, पण तिला तो धड ठेवता येईना, इतकी ती हसत होती. मी हसेन म्हणून बावीस वर्षं गप्प राहिलेली बाई... मी पडून तिचं हसणं ऐकत राहिलो.