गुंडाच्या नावावरचा श्वास

हिंदुरावच्या छातीचं कौतुक घराण्यातूनच चालत आलेलं. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ हलला की पुढं शिंग फुंकायचा मान त्यांच्याकडं. त्यानं शिंग तोंडाला लावलं की बघणारी पोरं आपापला श्वास रोखून धरायची. पोरांचा श्वास संपायचा, याचा संपायचा नाही. पण मानानं पोट भरत नाही, म्हणून वर्षाचे उरलेले दिवस तो कडेगावच्या पुढं माळावर एका खडी क्रशरवर काढायचा. रस्ते रुंद होत होते, खडीला उठाव होता. दगड यंत्राच्या जबड्यात पडायचे, खडी पट्ट्यावरून बाहेर यायची आणि दगडाचं पीठ माणसांच्या अंगावर बसायचं. संध्याकाळी कोण कुठला ते आवाजावरूनच ओळखायचं.

धाकटी बहीण जाईबाई नजरेसमोर राहावी म्हणून तिच्या नवऱ्याला, गुंडाला, त्यानंच या कामाला लावलं होतं. गुंडा चाळणीखाली असायचा, जिथं पीठ सगळ्यात दाट. सहा वर्षांत तो खोकायला लागला. आधी पहाटे, मग दिवसभर.

अशात कुठल्याशा नियमापायी क्रशरवर तपासणीची गाडी आली. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायची आणि पोटापासून फुंकायचं. धडधाकट छातीच्या किती टक्के श्वास आहे, तो आकडा मशीन सांगतं. मुकादम ज्ञानूनं आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं, "ज्येचा आकडा कमी ईल त्येनं सोमवारपास्नं येऊ नगा. मालकाला आजारी मानूस नको हाय." धूळ कमी करण्यापेक्षा माणूस कमी करणं मालकाला सोपं वाटत होतं, आणि ते सोपं होतंही.

गुंडानं नळी तोंडात धरली आणि खोकल्यानं दुमडून खाली बसला. तपासणारा पोरगेला माणूस म्हणाला, "बसा जरा, शेवटी या." गुंडा क्रशरच्या मागं येऊन बसला.

"पावणं, माजं काम गेलं," तो म्हणाला.

"कार्ड द्या हिकडं, दाजी. तुमी हितनं हलू नका." हिंदुरावनं त्याचं आधार कार्ड घेतलं. स्वतःचं फुंकून झालेलंच होतं. तोंडावर पिठाचा तोच थर, कार्डावरचा फोटो तर कुणाचाही म्हणून खपला असता. तपासणाऱ्यानं लॅपटॉपवरून डोळे न उचलता गुंडाचं नाव वाचलं, हिंदुराव "व्हय" म्हणाला आणि फुंकला. एकशे बारा टक्के. तपासणाऱ्यानं तेवढ्यापुरतं वर बघून मान डोलावली.

ज्ञानूनं सगळं बघितलं होतं. तो हसून म्हणाला, "हिंदुराव, तुज्या एका छातीवर चार घरं चालत्याल गड्या." पुढच्या वर्षापासून चालायला लागलीही. चार जणांची कार्डं खिशात घेऊन हिंदुराव रांगेत चारदा उभा राहायचा आणि प्रत्येक वेळी छाती काढून परत यायचा. आपण पुण्य करतोय असं त्याला वाटत होतं. कुणीतरी तिथंच त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. पण देणार कोण? ज्यांनी द्यायची त्यांचीच कार्डं त्याच्या खिशात होती.

गुंडाचं मात्र भलतंच झालं. आकडा छापून आलेला त्याच्या नावाचा कागद त्यानं देव्हाऱ्यात ठेवला आणि तो त्याला खरा वाटायला लागला. श्वास कुणाचा ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण भ्यालेल्या माणसाला बरा आकडा पुरतो. रात्री धाप लागली की जाईबाई म्हणायची, कराडला मोठ्या डॉक्टरकडं चला. तो देव्हाऱ्यातला कागद काढून तिच्यापुढं धरायचा. "ह्ये बघ. मशीन खोटं बोलतंय व्हय? काय झालं न्हाई माज्या छातीला." जाईबाईला यातलं काही माहीत नव्हतं. ती कागदाला हळदकुंकू लावून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवायची. असे तीन वर्षांचे तीन कागद जमले. तिसऱ्यावरचा आकडा एक्याण्णव होता. हिंदुरावनं त्याकडं लक्ष दिलं नाही.

त्याच श्रावणात गुंडाला कराडला नेलं, तेव्हा तो उचलून न्यायच्या अवस्थेत होता. डॉक्टर म्हणाले, "छातीत दगडाचं पीठ बसलंय. तीन वर्षांपूर्वी हे काम सोडलं असतं, तर अजून बरीच वर्षं निघाली असती." जाईबाई डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहिली, हिंदुराव फरशीकडं. अकराव्या दिवशी गुंडा गेला.

मालकानं गावभर केलं की गुंडा तंबाखूनं मेला. जाईबाईला ते फार लागलं, कारण गुंडानं जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. आता तिला एकच हवं होतं. नवरा दगडाच्या धुळीनं मेला, असा सरकारचा दाखला. तो मिळाला तर विधवेला मदत मिळणार होती आणि मालकाचं तोंड बंद होणार होतं. अर्ज दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. तोवर क्रशरचं काम मंदावलं, तपासणीची गाडीही बंद झाली. मधल्या यात्रेत हिंदुरावच्या शिंगाचा सूर रथापुढं मध्येच तुटला. गुलाल नाकात गेला, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

अखेर सांगलीहून बोलावणं आलं. कचेरीत समितीचे डॉक्टर बसले होते. काय पुरावा आहे, असं त्यांनी विचारताच चांगल्या छातीचा माणूस क्रशरवरच गेला हे दाखवायला जाईबाईनं पिशवीतून ते तीन कागद काढून मोठ्या विश्वासानं पुढं ठेवले.

डॉक्टरांनी वाचले. "बाई, हे तर सगळे चांगले आहेत. मरायच्या आधी सहा महिने छाती ठणठणीत. धुळीचा आजार असा एकाएकी येत नाही. कराडच्या एक्स-रेवर जे दिसतंय, ते क्षयातही दिसतं."

हिंदुराव उठून उभा राहिला. "सायेब, त्यो श्वास त्येंचा न्हाई. माजा हाय. मी फुंकलोय त्येंच्या नावावर." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. जाईबाईकडं बघायचं त्यानं टाळलं.

"तुमचे त्याच दिवसांचे कागद?"

हिंदुरावनं ते कधीच जपले नव्हते. ज्याची छाती चांगली त्याला कागद कशाला, असं त्याचं म्हणणं असायचं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "शेजारच्या खोलीत मशीन आहे. फुंकून दाखवा. नव्वदच्या आसपास आलं तरी तुमचं म्हणणं लिहून घेतो."

हिंदुरावला जवळजवळ हसू आलं. त्यानं चिमटा लावला, नळी तोंडात धरली, पाय रोवले आणि रथापुढं फुंकायचा तसा फुंकला. श्वास गळ्यापर्यंत आला आणि तिथंच संपला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो भिंतीला धरून खोकत राहिला. आकडा आला बावन्न.

"ही छाती घेऊन तुम्ही त्यांच्या नावावर एक्याण्णव फुंकले?"

"तवा व्हती, सायेब."

"तवाची छाती आता दाखवता येत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी अर्जावर नामंजूर लिहिलं.

दोघं एसटी स्टँडवर आली. फलाटाच्या कडेला जाईबाई थांबली. "कराडला चला म्हनलं की त्ये मला त्यो कागद दावायचं. तुजा व्हता व्हय रं दादा त्यो?"

"व्हय."

"मी त्येला हळदकुकू लावत व्हते."

कडेगावची गाडी पलीकडच्या फलाटाला लागली तशी ती भराभर पुढं होऊन चढली आणि खिडकीजवळ जाऊन बसली. हिंदुराव मागंच राहिला होता. फार तर वीस पावलं धावायचं होतं. दहाव्या पावलाला त्याचा श्वास सरला आणि तो खांबाला धरून उभा राहिला. हात वर केला, पण हाक निघेना. कंडक्टरनं बेल मारली. जाईबाईनं खिडकीतून त्याला पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं. गाडी थांबवा, असं ती कंडक्टरला म्हणाली नाही.