दोनशे चौदा नंबरचा हापसा

मोमेना आपाच्या बाटल्या मला न वाचताच ओळखू यायच्या. फरीदपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत गावोगावच्या हापशांचं पाणी यायचं. कोणाची बाटली गळकी, कोणाच्या चिठ्ठीवरचा आकडा पुसलेला. तिच्या बाटल्या मात्र जुन्या लुंगीच्या कापडात गुंडाळलेल्या, बुचाला सुतळीचा दुहेरी फास आणि आकडा दोन ठिकाणी लिहिलेला.

शालुकडांगा गावात आणि आसपासच्या वाड्यांवर तिनं दीड वर्षात सहाशेच्या वर हापसे तपासले. रीत सोपी होती. बाटलीत पाणी घ्यायचं, दोन पुड्या आणि जस्ताची पूड टाकायची, बुचात कागदाची पट्टी अडकवायची आणि वीस मिनिटं थांबायचं. पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असला की त्याचा वायू वर येऊन पांढरी पट्टी पिवळी पडते. फार असला तर तपकिरी. मग पट्टी रंगांच्या तक्त्याशी लावून बघायची आणि हापशाची तोटी रंगवायची. हिरवी म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका. दर दहाव्या हापशाचं पाणी पडताळणीसाठी आमच्याकडे पाठवायचं.

ती वीस मिनिटं ती नवऱ्याच्या मनगटी घड्याळावर मोजायची. तो, इद्रिस, होडी घेऊन नदीपलीकडे गेला आणि परत आला नाही. घड्याळ त्या दिवशी खुंटीवरच राहिलं होतं.

“आपा, एवढ्या वेळात माझा भात शिजेल,” बायका म्हणायच्या.

“शिजव की. पण या पाण्यात नको.”

“तुझ्या पिशवीत लाल डबाच मोठा दिसतोय. उद्या पोरीला बघायला पाहुणे येणारेत. परवा रंगव ना.”

“म्हणजे पाहुण्यांना हेच पाजणार?”

आणि ती तोटी लाल करून मोकळी व्हायची. त्या घरच्या बाईनं पुढं वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

माहेरी तिचं कोणी उरलं नव्हतं. ती सासऱ्याबरोबर राहायची. जोबेद अलींनी मुलगा गेल्यावर रस्त्याच्या वळणावर त्याच्या नावानं हापसा बसवला होता. त्या पाण्याच्या प्रत्येक घोटाचं पुण्य इद्रिसला पोचतं, म्हणून म्हातारा दिवसभर हापशाजवळ वेताच्या मोढ्यावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचा. “कुठं धावतोस? दोन घोट पी आणि जा. इद्रिसचं पाणी आहे.” मदरशाची पोरं तर मुद्दाम त्याच वाटेनं यायची. म्हातारा हापशाचा दांडा मारायचा, पोरं ओंजळ धरायची.

फाल्गुनात आपानं हा हापसा तपासला. नंबर दोनशे चौदा. तोटी हिरवी झाली.

त्या खेपेला तिच्या बाटल्या मीच उतरवून घेतल्या. दोनशे, दोनशे दहा, दोनशे वीस. आणि मध्येच दोनशे चौदा. यादीत हा नंबर नव्हता. चुकून आली असेल, असं समजून मी ती फळीच्या मागच्या बाजूला सरकवली. पुढच्या आठवड्यात यंत्रातला आर्सेनिक मोजायचा दिवा गेला. नवा परदेशातून यायचा होता, तो यायला आठ महिने लागले. मग साचलेल्या बाटल्या यादीनं तपासत गेलो. दोनशे चौदा यादीत नव्हतीच. फळी पुसायला काढली तेव्हा ती हाती लागली. सुतळीचा फास अजून घट्ट होता.

लिटरमागे दोनशे चाळीस मायक्रोग्रॅम. पन्नासच्या पुढं लाल. तिच्या बाकी सगळ्या बाटल्यांचे आकडे तिच्या पट्ट्यांशी जुळत होते.

कागद टपालानं धाडता आला असता. मी स्वतः गेलो.

ती अंगणात धान वाळवत होती. मला बघून उठली आणि तिनं एवढंच विचारलं, “दोनशे चौदा?”

मी कागद पुढं केला. तो तिनं घेतला नाही.

“अकरा महिने, भाई. मला वाटलं आठ दिवसांत येईल.”

“तुला ठाऊक होतं?”

“बारा मिनिटांतच पट्टी तपकिरी झाली होती. आब्बा समोर बसले होते. मी लाल डबा उघडला आणि ब्रश हिरव्यात बुडवला.” ती धानावरून पाय फिरवत राहिली. “म्हटलं, शहरातलं यंत्र सांगेल. मग आब्बा यंत्राला शिव्या देतील. मला ‘बउमा’, सूनबाई, म्हणत राहतील.”

“लोक पीत होते, आपा.”

“मीही तेच प्यायले.” मग म्हणाली, “शेजारच्या राहेलाचं मूल पोटातच गेलं. आश्विनात. ती याच हापशाचं पाणी न्यायची.”

ते कशानं गेलं हे कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. मी तसं म्हणालो. मग बाटली फळीवर मागं सरकवणारा मीच, हेही सांगितलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं होतं, निदान रागावेल.

ती घरात जाऊन लाल डबा घेऊन आली. जोबेद अली मोढ्यावरच होते. तिनं आधी तोटी पदरानं कोरडी केली, मग रंग लावला, खालची बाजूसुद्धा. म्हातारा बघत होता.

“आब्बा,” ती त्यांच्याकडं पाठ ठेवूनच म्हणाली, “हे यंत्रानं आत्ता सांगितलं. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

म्हातारा म्हणाला, “तक्ता माझ्या मांडीवर होता, बउमा. डोळे माझे अजून शाबूत आहेत.”

तिचा हात थांबला.

“म्हटलं, तू बोलशील. तू बोलली नाहीस. मग मी कसं बोलू? बापानंच पोराचं पाणी बंद करायचं?”

“म्हणून तुम्ही हाका मारायचं सोडलंत,” ती हळूच म्हणाली. “मी समजले, दम लागतो म्हणून.”

“हाका सोडल्या. लोक न बोलावताही येत होते.”

तेवढ्यात कमरेवर कळशी घेऊन राहेला वळणावर आली. ओली लाल तोटी दिसली तशी थबकली. एकदा तिघांकडं बघून घेतलं. मग रिकामी कळशी घेऊन पलीकडच्या वाडीची वाट धरली.

“तिला कोण सांगणार?” जोबेद अलींनी विचारलं.

आपानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात पुसले आणि तिच्या मागं निघाली. म्हाताऱ्यानं काठीसाठी हात पुढं केला. काठी मी दिली आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो.