सीझन झाला की

शुभा गेल्याचं हेमंतने मला फोनवर सांगितलं, तेव्हा त्याच्या मागे पेट्यांना खिळे ठोकण्याचा आवाज येत होता. सकाळची वेळ, मी शाळेत निघण्याच्या गडबडीत. हेमंत म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. "ताई, शुभा गेली," एवढंच तो म्हणाला. पुढे फक्त ती ठकठक ऐकू येत राहिली. खळ्यातल्या, म्हणजे पुढच्या अंगणातल्या, गड्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं, त्यांचा काही दोष नाही. पहिला आंबा उतरायला लागला होता, पेट्या लागणार होत्या, ते पेट्या ठोकत होते. थोड्या वेळाने आवाज थांबला... कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. तो थांबला तेव्हा कुठे माझी बहीण गेली हे मला खरं वाटलं. भर सीझनमध्ये त्या घरातलं काम तिच्यासाठी एकदाच थांबलं, आणि ते बघायला ती नव्हती.

आम्ही दोघी रत्नागिरीच्या, समुद्राकाठच्या मांडवीच्या. वडील कारकून, दोन खोल्यांचं घर, आणि घरात माणसांपेक्षा वाळू जास्त. शुभा माझ्याहून बरीच लहान, त्यामुळे तिची वेणी घालण्यापासून तिला शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे होतं. मी पुढे शिक्षिका झाले, लग्न केलं नाही. ती मात्र भाट्याचा पूल ओलांडून पलीकडच्या गावातल्या बागायतदारांच्या घरात गेली. "नशीब काढलंन हो पोरीने," असं आमच्या आळीतली सगळी माणसं म्हणाली. मीही म्हटलं. घर भलं होतं, हेमंत सरळ माणूस, सासूबाई तोंडाने गोड. आजही त्यांच्यापैकी कोणाला वाईट ठरवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचाच मला जास्त राग येतो. एखादा दुष्ट सापडला असता तर त्याला चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

त्या घरात एक वाक्य होतं: सीझन झाला की बघू. हापूसच्या बागा असणाऱ्या घराला वर्षात दोनच ऋतू असतात, सीझन आणि बाकीचं. कलमांना मोहोर आला की घराचा श्वास वर जातो तो शेवटचा आंबा कॅनिंगला गेल्यावरच खाली येतो. मधल्या काळात फवारणी, राखणीचे गुरखे, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवणारे गडी, पेंढा, अढी, टेम्पो, मुंबईचे फोन. पंखा बिघडला? सीझन झाला की. भिंतीला ओल आली? सीझन झाला की. नवराबायकोचं बिनसलं तरी हेमंत म्हणायचा, "आत्ता नको गो, सीझननंतर भांडू," आणि शुभा हसायची नि खरोखरच भांडण ठेवून द्यायची. मला सुरुवातीला याची फार गंमत वाटे. मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, माझ्या बहिणीच्या घरी तापही जूनमध्ये येतो म्हणून.

मुलं झाली आणि तीही त्यात बसली. थोरली ओवी, तिच्यामागे तीन वर्षांनी पार्थ. ओवीचा जन्म ऐन एप्रिलमधला, म्हणजे सीझनच्या नरड्यावर. त्यामुळे तिचा वाढदिवस दर वर्षी जूनमध्ये व्हायचा, पाऊस पडला, पेट्यांची पडवी रिकामी झाली, की तिथे फुगे लावून. पोरगी बालवाडीत जाईपर्यंत वाढदिवस हा पावसाळी सण आहे असंच समजत होती. पार्थ पहिलं पाऊल टाकून चालला तो पेट्यांच्या थप्पीला धरून, या पेटीवरून त्या पेटीकडे. दुपारी दोघांना झोप आली की पेंढ्याच्या ढिगात तिथेच आडवी होत, आणि उठली की केसांतून पेंढा काढण्यात शुभाची अर्धी संध्याकाळ जाई. ती अढीपाशी बसून एका हाताने आंबे निवडायची नि दुसऱ्या हाताने गुरगुट्या भात भरवायची. काऊचिऊचे घास त्या घरात नव्हते. "हा घास गुरख्याचा, हा घास टेम्पोवाल्याचा, हा मुंबईच्या शेठचा..." असं चालायचं. शेठचा घास पार्थ थुंकून टाकायचा आणि ती खोखो हसायची. आंब्याचा चीक उडून मुलांच्या गालांवर काळे डाग पडत. मी कुरकुरले की म्हणायची, "अगो ताई, सीझन झाला की जातात ते." आणि जायचेही! तेच तर वाईट झालं. इतक्या गोष्टी सीझन झाल्यावर आपोआप मार्गी लागत गेल्या की त्या वाक्यावर सगळ्यांचा विश्वासच बसला.

आणि हे कोणी तिच्यावर लादलं होतं असंही नाही. तिला ते आवडत होतं. नुसता हात फिरवून कुठला आंबा कधी पिकेल ते ती सांगायची, आणि सासूबाई चारचौघांत तिचं कौतुक करायच्या तेव्हा तिचा चेहरा फुलायचा. आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नव्हती. ती कसर तिने तिथे भरून काढली असावी...

गेल्या वर्षी मोहोर गळून कैरी धरायच्या सुमाराला, आंघोळ करताना तिच्या छातीत गाठ हाताला लागली. तिने कोणालाच सांगितलं नाही. आंबा उतरायला लागल्यावर कधीतरी हेमंतला म्हणाली. त्याने विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, नाही. हे तिने मला नंतर, उपचार सुरू झाल्यावर सांगितलं, आणि हसत सांगितलं. "आणि मग काय झालं माहीत आहे गो ताई? 'सीझन झाला की दाखवू' हे आम्ही दोघं एकदमच म्हणालो. इतकं हसलो आम्ही!" हेमंतनेही मला तेच सांगितलं, फक्त तो रडत होता. अक्षय्यतृतीयेच्या आसपास मी गेले होते तेव्हा तिचा डावा हात अंगाशी धरलेला दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाली, पेट्या उचलून खांदा भरलाय. पुढे पाऊस लागला. शेवटचे आंबे कॅनिंगला गेले. मग पडवी झाडून ओवीचा वाढदिवस झाला, फुगे, केक, शेजारची मुलं, सगळं यथासांग. आणि त्यानंतर ती डॉक्टरकडे गेली. वाढदिवस आधी, डॉक्टर मग. मी बरोबर होते. डॉक्टरांनी तपासलं, चष्मा काढला, आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" हेमंत म्हणाला, "सीझन होता." डॉक्टर आमचेच, रत्नागिरीचेच. त्यांनी मान हलवली आणि पुढचं लिहायला घेतलं. दुसऱ्या गावचा कोणी असता तर खेकसला असता, निदान विचारलं तरी असतं की सीझन म्हणजे काय. इथे सीझन म्हटलं की सगळ्यांना समजतं. कोणाला काही विचारावंसंच वाटत नाही.

नंतरचं मी फार लिहिणार नाही. मुंबईच्या फेऱ्या, गेलेले केस, पुन्हा फेऱ्या. मुलं कधी माझ्याकडे, कधी आजीकडे. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा पुन्हा मोहोराचे दिवस होते. खळ्याकडच्या खिडकीजवळ तिचा पलंग ठेवला होता. मी शेवटची भेटले तेव्हा तिला बोलायला दम पुरत नव्हता. बाहेर फवारणीचं मशीन चालू होतं. ती म्हणाली, "ओवीचा वाढदिवस यंदा खऱ्या दिवशीच कर गो." मी म्हटलं, "तूच कर की." तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "यंदा सीझनला मी नाही." जणू गावाला जायची होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून रडले.

ती गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच शब्द घेऊन येत होता. सोशिक. "फार सोशिक हो तुमची बहीण." "एवढं दुखणं अंगावर काढलंन, पण कध्धी तोंडातून ब्र काढला नाही." सासूबाई पदर डोळ्याला लावून हेच सांगत होत्या, आणि ओवी त्यांच्या मांडीला टेकून ऐकत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, तो ब्र काढला असता तर ती आज इथे बसून तुम्हाला चहा देत असती! पण सुतकाच्या घरात तमाशा नको म्हणून गप्प बसले. आता लिहिते आहे, कारण हे वाचणाऱ्यांत अशी बरीच घरं असतील जिथे या क्षणी पडवीत पेट्या भरल्या जात आहेत आणि आतल्या खोलीत कोणाचं तरी काहीतरी दुखतं आहे. मला शुभाचाही राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण मला येतो. दोन लहान मुलं पदरात असताना तिने आंब्यांना पहिला नंबर दिला आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या. तिच्यानंतर त्या टाळ्यांचं मुलांनी काय करायचं?

गेल्या आठवड्यात ओवीचा वाढदिवस होता. खरा, एप्रिलमधला. मी रजा टाकली, एक लहानसा केक घेतला आणि रिक्षा करून गेले. खळ्यात नेहमीचीच धांदल. गडी, पेंढा, अर्धा भरलेला टेम्पो, हेमंतच्या कानाला फोन. केकचं खोकं बघून सासूबाई म्हणाल्या, "अजून वर्ष व्हायचंय, ताई. आणि आत्ता सीझन चाललाय..." मी म्हटलं, "शुभाने सांगितलंय." पार्थ पडवीतून एका पायावर उड्या मारत आला, केकवर बोट दाबून बघितलं आणि तसाच उड्या मारत परत गेला. लंगडी खेळतोय असं मला वाटलं, बरंही वाटलं, पोर खेळतंय म्हणून. ओवी आत होती. केस मोकळे, कानांवरून पुढे घेतलेले. तिची आई तिच्या दोन घट्ट वेण्या घालायची. मी फणी घेतली तर म्हणाली, "मी विंचरलेत, मावशी." तरी मी केस हातात धरले, आणि ती अशी दचकली की फणी माझ्या हातातून पडली. कानात कापूस होता, पिवळा झालेला. त्याचा वास येत होता.

"कधीपासून गो?"

"शिमग्यानंतर."

"आणि कोणाला सांगितलं नाहीस?"

ती माझ्याकडे समजूतदारपणे बघत म्हणाली, "सीझन झाला की सांगणार होते."

सात वर्षांची पोर. बाहेर येऊन हेमंतला म्हटलं, गाडी काढ. त्याने ओवीकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं. "ताई, एवढा टेम्पो लावून देतो, संध्याकाळी नक्की..." आणि तेवढ्यात आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो तसाच उभा राहिला. पण मी थांबले नाही. माझी रिक्षा अजून फाट्यावर उभी होती. ओवीला घेतलं, केकचं खोकं घेतलं, का घेतलं कोण जाणे, आणि निघाले.

डॉक्टर म्हणाले, पू झालाय, पडदा वाचेल बहुतेक, औषध नेमाने घाला. आणि म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मी त्यांना सीझन सांगितला नाही. "आमचं चुकलं," म्हटलं.

परत येताना ओवी मला चिकटून बसली होती, मांडीवर केक. उन्हाने त्याचं क्रीम ओघळून खोक्याला लागलं होतं. भाट्याच्या पुलावर वारा आला तशी तिने दुखऱ्या कानावर हात ठेवला आणि विचारलं, "आईने पण सांगितलं नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मी सांगितलं."

"तू कुठे सांगितलंस? मी बघितलं म्हणून कळलं." मी मुद्दाम तसंच म्हटलं. खोटं कौतुक त्या घरात पुष्कळ झालं होतं.

पूल संपेपर्यंत ती खोक्याला लागलेलं क्रीम बोटाने पुसत राहिली. मग माझा पदर ओढून अगदी हळू म्हणाली, "मावशी, पार्थ लंगडी नव्हता खेळत."

"मग?"

"त्याच्या पायात पेटीचा खिळा गेलाय. परवाच. मीच त्याला म्हटलं, आत्ता कोणाला सांगू नको हां..."

मी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "दादा, जोरात घ्या. घरून अजून एकाला घ्यायचंय."