ऑइलचा दिवा आणि माझं ड्रायव्हिंग

उधन्यातल्या आमच्या घरी जुनी गाडी आली तेव्हा लायसन्स दोघांकडे होतं, नवऱ्याकडे आणि माझ्याकडे. नव्वदच्या दशकातल्या सुरतेत बाईनं गाडी चालवणं काही फार नवलाचं राहिलं नव्हतं. फक्त ती चालवत असताना काही बिघडलं तर ते तिच्यामुळेच बिघडलं, हे लोकांना तपासाआधीच कळायचं. मी शिकवायची ती शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला, सकाळची. दुपारी मी परतले की गाडी नवऱ्याची. ते बँकेतून आले की भाजी, देऊळ, मित्र, सगळं उधन्यातच. पायी गेले असते तरी चाललं असतं.

त्या उन्हाळ्यात ऑइलचा लाल दिवा लागायला लागला. तो लागला म्हणजे इंजिनात तेलाचं प्रेशर उरलेलं नाही, गाडी ताबडतोब बंद करा. मी करायची. कडेला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फुकट सल्ले ऐकायची, आणि थोड्या वेळानं गाडी सुरू केली की दिवा विझलेला. शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाले, "मी चालवतो तेव्हा तर लागत नाही."

झालं, निकाल लागला! थोरले दीर दर रविवारी जेवायला यायचे. त्यांच्याकडे एक स्कूटर होती आणि तीही ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, पण मोटारींबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "क्लचवर पाय ठेवून चालवत असणार," ते वरणभातावर तूप घेत म्हणाले. क्लचचा आणि तेलाच्या प्रेशरचा काय संबंध, हे मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता भावाला सांगितलं, "काही दिवस किल्ली तुझ्याकडेच ठेव. इंजिन बसलं तर गाडी भंगारात जाईल."

आणि नवऱ्यानं खरंच किल्ली खिशात घातली. मला रडू नाही आलं, संताप आला. वर्षभर रोज अख्खं शहर ओलांडून जाणारी मी. दोन गल्ल्या फिरणाऱ्या माणसानं माझ्याकडून किल्ली काढून घ्यावी? आता ती परत मिळाली नाही तर पुन्हा कधीच मिळणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं. या घरात 'काही दिवस' म्हणून ठरलेल्या गोष्टी जन्मभर चालत.

शाळेला सुट्टी लागताच मी दुरुस्तीपुरती किल्ली मागून घेतली आणि गॅरेजवाल्याला गाठलं. तेलाची पातळी मी काडी ओढून बघितली होती, पुरेशी होती. त्यानं प्रेशर मोजायचा मीटर लावला, उभ्या गाडीत काटा छान वर गेला, आणि त्यानं जाहीर केलं की दिवा पेटवणारं इंजिनावरचं बटणच खराब आहे. बटण बदललं. मी तिथूनच गाडी रिंग रोड ओलांडून कतारगामकडे काढली, दिवा लागला. परत येऊन म्हटलं, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडून बघा. तो हात पुसत म्हणाला, "बेन, साहेबने मोकलजो ने." साहेबांना पाठवा! साहेबांना तेल कुठून ओततात एवढंच ठाऊक होतं.

साहेबांनी आणि दिरांनी मिळून वेगळाच इलाज शोधला होता: दिव्याची वायरच काढून टाकायची. दिवा दिसला नाही की कटकट मिटली! माझा आवाज बहुधा पहिल्यांदाच इतका चढला. म्हटलं, वायरला हात लावायचा नाही. रविवारी तुम्ही स्वतः गाडी कतारगामपर्यंत चालवा, मी मागे बसते. भाऊजी, तुम्हीही चला, माझा पाय क्लचवर जातोय का बघायला.

साहेबांनी बोलावल्यावर गॅरेजवालाही आला आणि पुढे बसला. मीटरची रबरी नळी बॉनेटमधून काढून खिडकीतून आत घेतलेली, मीटर त्याच्या मांडीवर. रिंग रोड गेला, काटा जागेवर. दीर गालात हसत होते. कतारगाम जवळ आलं तसा काटा खाली सरकू लागला आणि दिवा लागला. नवऱ्यानं गाडी बंद केली आणि वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मागून त्याला काडी लावली होती.

थोडं थांबून सुरू केली तर काटा पुन्हा वर. मी विचारलं, "इंजिन तर अजून तापलेलंच आहे. मग प्रेशर परत आलं कसं?" गॅरेजवाल्यानं डोकं खाजवलं. पंप झिजला असता तर तापल्या इंजिनात प्रेशर असं परत आलं नसतं. तेल ओढणाऱ्या जाळीला काहीतरी चिकटत असणार आणि गाडी थांबली की सुटून खाली पडत असणार.

चेंबर उघडलं. जाळीवर रंगीत दोऱ्यांचा लगदा बसला होता. गुलाबी, मोरपंखी, मध्ये जरीचा एक चकाकता धागा. सुरतेत साडीच्या कापडाच्या चिंध्यांना तोटा नाही. तेल ओतायच्या तोंडाचं झाकण नवऱ्यानं कधीतरी हरवलं होतं आणि तिथे चिंधी कोंबून दिली होती. तिचे दोरे सुटून आत जात होते. बॉनेट उघडून तिघा पुरुषांनी तिथे डोकी खुपसली होती, पण चिंधी एकालाही खटकली नाही.

"तात्पुरती लावली होती," नवरा म्हणाले.

"पण तू इतकी लांब चालवलीस म्हणूनच दोरे जाळीत ओढले गेले," दीर मला म्हणाले. खरंच म्हणाले.

जाळी साफ झाली, तेल बदललं, नवं झाकण बसलं. गॅरेजवाल्यानं किल्ली अर्थातच नवऱ्यापुढे धरली. मी मधेच हात घालून ती घेतली आणि म्हटलं, मागे बसा दोघंही.

घरी न जाता मी गाडी पुन्हा कतारगामला नेली, शाळेच्या फाटकापर्यंत, आणि परत आणली. आरशात दोन मोठाली माणसं माना लांब करकरून डॅशबोर्डकडे बघत होती. गाडी आमची होती, इंजिन वाचलं होतं. तरी दोघांनाही मनापासून वाटत होतं, एकदा, एकदाच, तो दिवा लागावा.