औषध सोडून सगळं

उद्यापासून पानेकाका महिनाभर दुकानात नसतील. मग माझ्या थोरलीचं काय होणार, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

थोरली नऊ वर्षं हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर आहे. जुना वायसर असो की मोडकी बिजागरी, नुसतं बघून माप सांगते. फक्त उंदराचं औषध विकत नाही. जीव घ्यायचा नाही आणि घेणाऱ्याच्या हातात साधनही द्यायचं नाही, असं आमचा धर्म सांगतो. मी तो प्रार्थनेपुरता ठेवला, तिनं दुकानात नेला.

पानेकाका तिच्या शेजारच्या काउंटरवर. त्यांची कंबर धरते. म्हणून त्यांचे रंगाचे डबे थोरली उचलते, आणि तिच्या वाटचं औषध ते विकतात. आता त्याच कंबरेचं ऑपरेशन आहे.

मालक तिला म्हणाले, "महिनाभर तुझ्या देवाला रजा दे."

"देव रजेवर गेला तर दुकानाकडे कोण बघणार?"

"मी बघेन! आणि तुझ्या जागी दुसरी मुलगीही बघेन."

रविवारी जेवताना तिनं हे हसत हसत सांगितलं. मी पोळी वाढता वाढता म्हटलं,

"अगं, डोळे मिटून द्यायची एक पुडी."

"डोळे मिटले तर खिळे जातील आई, औषधाऐवजी."

औषधाचं गिऱ्हाईक आलं की ती सरळ सांगते, "ते काका देतील. तोवर उंदीर कुठून येतो ते सांगा." मग पुठ्ठ्यावर त्यांचं स्वयंपाकघर काढते, भोकावर फुली मारते. भोकात तारेची घासणी कोंबायची, वरून सिमेंट. निम्मे लोक काकांसाठी थांबतच नाहीत. मालकांना हे ठाऊक नाही. "त्यात काय सांगायचं?" म्हणते.

मालकांना फोन करून गयावया करावी, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण आज सिंकखालचं कपाट आवरताना उंदराच्या औषधाची पुडी हाती लागली. मीच दुसऱ्या दुकानातून आणलेली, थोरलीला दिसू नये म्हणून डब्यांमागे दडवलेली. आणि उंदीर? तो मजेत येतोच आहे.

पुडी टाकून दिली. आता सकाळी दुकान उघडलं की फोन करणार, पण गिऱ्हाईक म्हणून. औषधानं काही झालं नाही, तुमच्याकडची ती चित्र काढून सांगणारी मुलगी आहे ना, तिलाच द्या फोन, असं सांगणार. मालकांनी आवाज ओळखला तर ओळखू दे.